चिकटलेलं सुटताना

होल्टर, म्हणजे चोवीस तास हृदयाची नोंद घेणारं यंत्र, काढायला मी अण्णांना, माझ्या वडिलांना, घेऊन गेले होते. आदल्या दिवशी त्यांच्या छातीवर चकत्या चिकटवल्या, वायरी एका डबीला जोडल्या, डबी कमरेच्या पट्ट्याला अडकवली आणि आम्हाला घरी पाठवलं. चोवीस तास अंघोळ करायची नाही, बाकी रोजचं सगळं करायचं. अण्णांनी ते इमानेइतबारे केलं. वायर ओढली जाईल म्हणून रात्रभर उताणे पडून राहिले, कूस बदलली नाही, आणि सकाळी दाढी करून धुवट शर्ट घालून तयार. दवाखान्यातली मुलगी गोड बोलणारी होती, पण बाहेरची बाकं भरली होती आणि आतून कुणीतरी तिच्या नावानं हाका मारत होतं. तिनं वायरींची बटणं टचाटच काढली, मग एकेक चकती. सगळ्या निघाल्या. डाव्या बरगडीखालची निघाली तेव्हा तिच्या पाठीला रुपयाएवढी कातडी होती.

“काय न्हाई झालं,” अण्णा म्हणाले.

घाबरली ती मुलगीच. तिनं कापूस आणला, मलम आणलं, पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाली. रक्त असं फार आलं नव्हतं. लालसर, ओली, चकचकीत जागा उघडी पडली होती आणि तिच्याभोवती गोंदाची काळपट कड राहिली होती. हृदयाचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी चांगला आला. बरगडीखालची जागा मात्र भरता भरेना. मला राग नेमका कुणाचा येत होता हे आजही सांगता येणार नाही. त्या मुलीचा नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तशीच ओढली असती. निघण्याआधी ट्रेमधली एक चकती मी उचलून पाहिली होती. पांढरा फोम, मधोमध थंड बुळबुळीत जेल, वर स्टीलचं बटण. दाबली, वाकवली. धार नाही, टोक नाही, बटण सोडलं तर टणक म्हणावं असं काही नाही. माणसाला टोचू नये, रुतू नये म्हणूनच ती तशी केलेली. एवढी मऊ वस्तू एवढं कसं लागवते, हे माझ्या डोक्यातून जाईना.

ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी कागदावर पेननं काढून दाखवलं. कातडीचे दोन मुख्य थर, वरचा आणि खालचा. त्या दोघांमधली रेघ सरळ नसते, नागमोडी असते. वरच्या थराचे उंचवटे खालच्या थराच्या खोलगटात घट्ट बसलेले असतात. वय वाढतं तशी ती रेघ सपाट होत जाते. थर दोन्ही असतात, त्यांची एकमेकांवरची पकड सैल झालेली असते. चकतीचा गोंद वरच्या थराला धरून होता आणि चांगला धरून होता. ओढल्यावर जो जोड जास्त कच्चा तो सुटणार, आणि अण्णांच्या अंगावर गोंद आणि कातडी या जोडापेक्षा कातडी आणि कातडी हा जोड कच्चा निघाला. बाईंनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, ऐंशीच्या पुढच्या माणसाला पाहिलं की मला औषधाआधी चिकटपट्टीची काळजी वाटते.

खरं तर त्या डबीबद्दल तक्रार करायला तोंड नाही. नॉर्मन होल्टर या अमेरिकन माणसानं १९४७ च्या सुमारास चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेऊन दाखवली, तेव्हा ते यंत्र पाठीवर घ्यावं लागायचं आणि त्याचं वजन ८५ पौंड, म्हणजे ३८ किलोच्या वर होतं. आता डबी खिशात मावते. वजन गेलं, आकार गेला, आवाज गेला. शरीराला टेकणारी शेवटची अर्धा इंच जागा तेवढी जिथल्या तिथे राहिली.

अण्णांना यातलं काही नवीन वाटलं नाही, कारण त्यांचं सगळं आयुष्य जोड धरला की नाही हे बघण्यात गेलंय. कोल्हापुरात टायर रिमोल्डिंगच्या वर्कशॉपात ते चौतिसेक वर्षं होते. झिजलेला टायर यायचा, त्याचं जुनं साल खरवडून काढायचं, सोल्युशन लावायचं, वर कच्च्या रबराची नवी पट्टी बसवायची आणि साच्यात घालून भाजायचं. भाजताना गंधक आपलं काम करतं. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये जे पाहिलं आणि १८४४ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं तेच काम, रबराच्या लांब लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधायचं. अण्णांच्या खाकी शर्टाला कितीही धुतलं तरी तो वास असायचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. हायवेवर ट्रकच्या टायरची सोललेली सालं पडलेली दिसतात ना, ती पाहिली की अण्णा आजही गाडीतून मान वळवून बघतात आणि म्हणतात, “रबर नाही गेलेलं. जोड गेलाय.” नवी पट्टी उत्तम असते, खालचा टायर चांगला असतो, आणि दोघांच्या मध्ये कुणाचं तरी घामेजलेलं बोट लागलेलं असतं.

लहानपणी त्यांनी मला एक गंमत दाखवली होती. जाड रबरबँड घ्यायचा, झटकन ताणायचा आणि ताणलेलाच ओठाला लावायचा. कोमट लागतो. तसाच थोडा वेळ धरून ठेवायचा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावायचा. गार लागतो. वर्कशॉपात त्यांना ते कुणी दाखवलं देव जाणे. पुष्कळ वर्षांनी कळलं की इंग्लंडमधल्या केंडल गावच्या जॉन गॉफ नावाच्या माणसानं हे निरीक्षण १८०५ मध्ये लिहून ठेवलं होतं. तो आंधळा होता, म्हणून ओठानं तपासायचा. रबराचे रेणू आपल्या मनानं गुंता करून राहतात. ताणलं की त्यांना रांगेत उभं राहावं लागतं आणि त्या ओढाताणीत ऊब बाहेर पडते. सोडलं की ते पुन्हा गुंत्यात पळतात. स्टीलची स्प्रिंग मागे येते ती अणूंमधलं अंतर बिघडलं म्हणून. रबर मागे येतं ते रेणूंना शिस्त मानवत नाही म्हणून. मला हे फार आवडतं, आणि का आवडतं ते माझं घर पाहिलेल्या कुणालाही कळेल.

तर माझी भाची मुक्ता याच मऊपणाच्या मागे लागलेली आहे. ताणता येणारी, अंगाबरोबर वळणारी इलेक्ट्रॉनिक्स, असा काहीसा तिच्या पीएचडीचा विषय. इतके दिवस ती सांगायची आणि मी “हो का” म्हणायचे. अण्णांचं ते झाल्यावर मीच तिला म्हटलं, मला तुझी लॅब दाखव.

दारातच तिनं मला थांबवलं. “मावशी, बांगड्या काढून पर्समध्ये ठेव.” मला वाटलं स्वच्छतेसाठी. पण ती ज्या द्रव धातूवर काम करते त्याला सोन्याचं वावडं नाही, उलट ओढ आहे. लागला तर सोन्यात शिरतो आणि डाग पाडतो. मग हातमोजे. ते निळे नायट्राइलचे. लॅटेक्सचे पिवळसर मोजे त्या खोलीत आणायला बंदी आहे, कारण लॅटेक्समध्ये गंधक असतं आणि तिथलं सिलिकॉन रबर प्लॅटिनमच्या जोरावर घट्ट होतं. गंधकाचा नुसता स्पर्श झाला तरी प्लॅटिनमचं काम थांबतं आणि त्या जागी रबर कायमचं चिकट, अर्धकच्चं राहतं. मी हसले. ज्या गंधकावर आमचं घर चाललं, मुक्ताच्या आईची आणि माझी फी भरली गेली, ते इथे उंबऱ्याबाहेर. मुक्ताला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आजोबा आले तर त्यांचा शर्ट बाहेर ठेवावा लागेल.”

तिनं दोन बाटल्यांतलं मधासारखं दाट काहीतरी समसमान वजनावर घेतलं, कागदी कपात काडीनं ढवळलं. ढवळताना हवा शिरते, म्हणून कप काचेच्या घुमटात ठेवून पंप लावला. आतलं द्रव फुगून वर आलं, कपाच्या काठापर्यंत, आता सांडणार असं वाटेपर्यंत, आणि मग बुडबुडे फुटून भसकन खाली बसलं. साच्यात ओतलं. आधी करून ठेवलेला एक तुकडा तिनं माझ्या तळहातावर ठेवला. इतका मऊ की उचलल्यावर स्वतःच्या वजनानं लोंबतो, आणि किंचित चिकट. बोट लावलं की बोटाबरोबर थोडा वर येतो. त्याच्या पोटात केसाएवढी नळी आणि नळीत तो धातू, गॅलियम आणि इंडियमचं मिश्रण, साधारण १५ अंशांच्या वर द्रवच राहणारं. पाऱ्यासारखा दिसतो, पण पाऱ्यासारखा विषारी नाही. हवा लागली की त्याच्यावर काही नॅनोमीटरची साय धरते आणि ती साय त्याला आकार देते. मुक्तानं तुकडा दुप्पट ताणला, तिप्पट ताणला, टोकाचा छोटा हिरवा दिवा जळतच राहिला. “पहिल्या ताणाचा आकडा धरायचा नाही,” ती म्हणाली, “रबर पहिल्यांदा जास्त आडमुठं असतं. आधी थोडं ताणून सोडायचं, मग मोजायला घ्यायचं.” आणखी एकदा ताणलं आणि दिवा विझला. रबर धडधाकट होतं, नळीही. तांब्याची वायर जिथून आत शिरत होती तिथे रबर तिच्यापासून सुटलं होतं आणि फटीतून एक चंदेरी थेंब बाहेर येऊन थांबला होता.

“नेहमी इथंच जातं,” मुक्ता म्हणाली. मऊ जिथं संपतं आणि टणक सुरू होतं, तिथं.

या एका जागेवर जगभर किती डोकी खपली आहेत ते नंतर वाचत गेले तसं समजलं. अडचण उघड आहे. संगणकाचं सगळं शहाणपण सिलिकॉनमध्ये, म्हणजे चिपमधल्या टणक सिलिकॉनमध्ये, मुक्ताचं मऊ सिलिकॉन रबर वेगळं, आणि हे सिलिकॉन कातडीपेक्षा अंदाजे दहा लाख पट ताठ. एक ताणलं की दुसरं तडकणार. यावर जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉयमध्ये २००६ साली जी युक्ती प्रसिद्ध केली ती कुठल्याही शिंप्याला पाहताक्षणी ओळखू येईल. फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक लावताना ते ताणून धरतात, तसंच कापडावर शिवतात, आणि सोडलं की कापडाला चुण्या पडतात. मग कापड जितक्या चुण्या तितकं खुशाल ताणतं. त्यांनी रबर ताणून धरलं, त्यावर सिलिकॉनच्या अतिपातळ फिती चिकटवल्या आणि रबर सोडलं. फितींना लाटा पडल्या. फीत स्वतः ताणत नाही, नुसती लाट उलगडते. बाईंनी कागदावर काढलेली कातडीची ती नागमोडी रेघ मला इथे आठवली. २०११ मध्ये त्याच मंडळींनी मुलांच्या पाण्यावरच्या टॅटूसारखं अंगावर उतरवता येणारं सर्किट केलं. कपाळावर लावलं, छातीवर लावलं, गळ्यावर लावलं. गळ्याच्या स्नायूंच्या हालचालीवरून बोललेले शब्द ओळखून कॉम्प्युटरवरचा खेळसुद्धा खेळून दाखवला. गोंद नाही. एवढं पातळ आणि एवढं कातडीच्या जातीचं की पृष्ठभागाची आपली साधी ओढच त्याला धरून ठेवते.

सगळं खरं. पण मुक्तानं दिलेले पेपर चाळताना मला एक गोष्ट खटकत राहिली. फोटोत जो हात असतो, तो कायम तरुण असतो. गोरा असो की सावळा, गुळगुळीत, केस काढलेला, कोरडा, तुकतुकीत. त्यावर सोनेरी नक्षी काय सुंदर दिसते. निळसर शिरा, रक्त साकळून आलेले जांभळे डाग, चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी कातडी असलेला हात मला त्या चित्रांत दिसला नाही. आणि हे सगळं कुणासाठी चाललंय असं प्रस्तावनेत लिहिलेलं असतं? वाढत्या वयाच्या समाजासाठी. हृदयरोग्यांसाठी. मधुमेह्यांसाठी. मुक्ताला म्हटलं तर तिनं खांदे उडवले. “जो लॅबमध्ये असतो त्याचाच हात घेतात गं. लॅबमध्ये सगळे पंचविशीचे.”

त्यातल्या त्यात मनात भरलं ते टोकियो विद्यापीठातल्या ताकाओ सोमेया यांच्या गटाचं काम. २०१७ मध्ये त्यांनी सोन्याची जाळी केली, कोळिष्टकाच्या जातीची. आधी पाण्यात विरघळणाऱ्या धाग्यांचं बारीक जाळं विणायचं, त्यावर सोन्याचा थर चढवायचा, ते कातडीवर ठेवायचं आणि पाण्याचा फवारा मारायचा. धागे विरघळून जातात, सोनं तेवढं कातडीच्या रेघारेघांत बसतं. हवा जाते, घाम बाहेर येतो. वीस जणांच्या अंगावर आठवडाभर ठेवून पाहिलं, कातडीला सूज आली नाही. मे महिन्यात कोकणात ज्यानं साधं बँडएड दिवसभर ठेवून पाहिलंय त्याला या घामाच्या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको. खालची कातडी पांढरी, भिजलेली, सुरकुतलेली होते आणि मग खाजवताना सगळंच निघून येतं.

कोकणाचं निघालं म्हणून सांगते. माझ्या सासरच्या गावाकडे, दोडामार्ग तालुक्यात, केरळहून आलेल्या लोकांनी रबराच्या बागा लावल्या आहेत. आमच्याकडच्यांनी आधी नाकं मुरडली, मग हळूच स्वतःही झाडं लावली. एकदा पहाटे मी आमच्या शेजारच्या बागेत गेले होते. कपाळाला टॉर्च बांधलेला माणूस झाडामागून झाड करत चालला होता. ऊन चढायच्या आत चीक जास्त वाहतो, म्हणून अंधारातच सुरुवात. वाकड्या पात्याच्या सुरीनं तो सालीचा एक तिरका, पातळ काप काढायचा, कालच्या कापाच्या अगदी लगत. पांढरा थेंब उमटायचा, दुसरा, मग त्या तिरक्या खाचेतून धार खाली कपाकडे सरकायची. मी विचारलं, एवढं जपून का? त्याच्या मोडक्या मराठीत त्यानं सांगितलं, की चीक सालीत आहे, झाडाचा जीव सालीच्या आत आहे, आणि दोघांच्या मध्ये साधारण एक मिलिमीटर ठेवायचा असतो. सुरी आत गेली तर चीक त्या दिवशी तेवढाच येणार, पण तिथे गाठ धरते आणि ती साल पुन्हा नीट येत नाही. नीट काढलं तर साल भरून येते आणि काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा काप घेता येतो. नवा माणूस कामाला आला की त्याला आधी जुन्या, काढून टाकायच्या झाडांवर शिकवतात. हात बसायला वेळ लागतो म्हणे. मी त्याच्याकडे सुरी मागितली तेव्हा त्यानं ती पाठीमागे लपवली.

मऊ रोबोंचं मला आधी कौतुक वाटलं, मग थोडी धास्ती, आता दोन्ही वाटतं. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं २०११ मध्ये चार पायांचा रबरी प्राणी केला. पोटात हवेच्या पोकळ्या, त्यात आळीपाळीनं हवा भरली की तो सरपटतो, आणि अवघ्या २ सेंटीमीटरच्या फटीखालून अंग चोरून पलीकडे जातो. बघायला फार मजा येते. पण त्याच्या मागे हवेच्या नळ्यांचं शेपूट आणि शेपटाच्या दुसऱ्या टोकाला पंप, झडपा, वीज, सगळं टणक सामान. २०१६ मध्ये हार्वर्डमधूनच ऑक्टोबॉट आला, छोटा, पारदर्शक, आठ पायांचा. त्यात एकही टणक भाग नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमला लागून त्याचा वायू होतो, तो वायू पाय फुगवतो, आणि कुठले पाय केव्हा फुगायचे हे आतल्या नळ्यांची रचनाच ठरवते. जोड नावाचा प्रकारच नको म्हणून सगळंच मऊ केलं. बदल्यात तो पाय वर करतो आणि खाली करतो, आणि इंधन संपलं की थांबतो. मला तो फार प्रामाणिक प्राणी वाटला.

या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट मात्र मनात घर करून आहे. १९५० च्या दशकात जोसेफ मॅककिबेन या अणुशास्त्रज्ञाच्या मुलीला पोलिओ झाला, बोटं हलेनात. लॉस अलामॉसमध्ये काम करणारा हा माणूस. त्यानं तिच्या हातासाठी हवेचा स्नायू तयार केला. रबराची नळी, तिच्यावर विणलेली जाळी. हवा भरली की नळी फुगते, पण जाळी तिला लांब होऊ देत नाही, उलट आखूड करते, आणि आखूड होताना ती बोट ओढून घेते. आजही मऊ रोबोंच्या कुठल्याही लॅबमध्ये हा स्नायू त्याच नावानं सापडतो. बापानं लेकीसाठी केलेलं पुढे जगाच्या कामाला आलं. आता आमच्यासारख्यांच्या घरात गरज उलट्या दिशेनं आहे. जपानच्या रिकेन संस्थेनं २०१५ मध्ये अस्वलाच्या तोंडाचा रोबो दाखवला होता, माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवणारा, हातांना रबराचे स्पर्शसंवेदक लावलेला, वजन १४० किलो. व्हिडिओ पाहताना माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलंच नाही. खाली ठेवल्यावर तो आपले हात माणसाच्या पाठीखालून कसे काढून घेतो, तेवढंच मी पुन्हा पुन्हा पाहिलं. उचलताना सगळेच काळजी घेतात.

आणि मला वाटतं या क्षेत्रात आत्ता खरं अवघड आणि खरं मोलाचं काम त्या हात काढून घेण्याचंच आहे. चिकटवायला बरंच काही सापडलंय, सोडवायला कमी. स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटानं २०२२ मध्ये जखमेवरची एक पट्टी मांडली, तिचं जेल अंगाच्या तापमानाला घट्ट धरतं आणि ४० अंशांपर्यंत ऊब दिली की पकड सोडतं. त्याच वाटेवरचं एक काम आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. पाषाणच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि तेव्हा तिथेच संशोधन करणाऱ्या शायनी वर्गीस यांनी कापल्यावर आपोआप जुळून येणाऱ्या जेलांवर काम केलं. पुढे २०१२ मध्ये वर्गीस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतून या दोघांसह जो निबंध निघाला, त्यातल्या जेलचे दोन तुकडे आम्ल पाण्यात काही सेकंदांत एक होतात, आणि पाणी अल्कधर्मी केलं की पुन्हा वेगळे होतात. जुळणं आणि सुटणं, दोन्ही सांगितल्याबरोबर. असल्या प्रयोगाकडे मी आधी चमत्कार म्हणून पाहिलं असतं. आता मी त्याकडे कातडीच्या बाजूनं पाहते.

अर्थात दवाखान्याच्या ट्रॉलीवर यातलं काही नाही. तिथे काही रुपयांना मिळणारी फोमची चकती आहे आणि ती आपलं काम चोख करते, सिग्नल स्वच्छ येतो, म्हणून ती राहणार. नाजूक कातडीसाठी सिलिकॉनच्या गोंदाची टेप बाजारात केव्हाची मिळते. महाग असते, मागितली तर देतात. मी आता मागते. काढताना एका बोटानं कातडी दाबून धरावी, पट्टी वर न ओढता अंगालगत उलटी दुमडत सावकाश न्यावी, कड पाण्यानं ओली करत जावी, हेही मला माहीत झालंय. खोबरेल तेल लावलं तर आणखी सहज निघते. हे मी मोठ्या उत्साहानं मुक्ताला सांगितलं, तर ती म्हणाली, “आणि मग त्याच जागी दुसरं इलेक्ट्रोड लावायचं असलं तर? तेलावर काहीच धरणार नाही, मावशी.”

लॅबमध्ये खिडकीजवळ तिचं एक यंत्र आहे. पट्टीचं टोक चिमट्यात धरून ते सरळ वर ओढतं आणि किती जोर लागला त्याचा आलेख पडद्यावर काढतं. तिनं एकच पट्टी मला दोन वेगांनी सोडवून दाखवली. झपकन ओढली तर रेघ वर चढली. गोगलगायीच्या गतीनं ओढली तर तळाशी रांगत राहिली. गोंद तोच, कातडी तीच. असल्या गोंदाचा हा स्वभावच आहे, घाई केली की तो जास्त धरतो. कातडी म्हणजे अर्थात डुकराची, खाटकाकडून आणून फ्रीजमध्ये ठेवलेली, आणि नंतर वर्गमित्रांचे हात. मी विचारलं, म्हातारी माणसं का नाहीत? तर परवानगीच्या अर्जात वयाची अट साठपर्यंत घातली होती, कारण त्यानं मंजुरी लवकर मिळते.

तो अर्ज तिनं आता बदलून पुन्हा एथिक्स कमिटीकडे पाठवलाय. कमिटीनं विचारलं, प्रयोगात कातडी सोलली गेली तर काय करणार? तिनं उत्तरात वेग लिहिला, मलमपट्टी लिहिली, त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं संमतिपत्र जोडलं. वरची वयोमर्यादा कमिटीच्या सांगण्यावरून पंच्याऐंशी ठेवावी लागली. अण्णा तेव्हापासून तयारीत आहेत. कुठला हात द्यायचा यावरसुद्धा त्यांचा विचार झालाय, डावा, कारण उजव्यानं ते कॅरम खेळतात. प्रश्न फक्त वयाचा आहे. त्यांची जन्मतारीख त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्रासारखी एक जून आहे, शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली. पणजीच्या हिशोबानं ते मोठ्या पुराच्या साली जन्मले, आणि तो पूर नक्की कुठला यावर आमच्यात एकमत नाही. कागदावर चौऱ्याऐंशी आहेत, प्रत्यक्षात शहाऐंशीही असतील.

“दाखला चालतो न्हवं?” अण्णांनी फोनवर विचारलं.

“आधार कार्ड लागेल आजोबा.”

“त्यावर बी तीच तारीख हाय.”

“मग चालेल,” मुक्ता म्हणाली.